जुन्या लोहवस्तूंची विद्युच्छुद्धि : इतिहास व मर्यादा

( १ )

जुन्या हत्यारांचे, कुलुपांचे व नाण्यांचे संग्राहक गंज काढण्यासाठीं अलीकडे घरच्या घरीं विजेचा उपयोग करूं लागले आहेत. प्लास्टिकची बादली, धुण्याचा सोडा, मोटारीच्या बॅटरीचा चार्जर आणि लोखंडी पत्र्याचे दोन तुकडे एवढ्या सामग्रीवर तांबड्या गंजाचा गोळा एका रात्रींत काळसर लोखंड होऊन बाहेर येतो. हें पाहून कोणासहि कौतुक वाटावें. प्रस्तुत लेखकानेंहि अँटॉप हिल येथील आपल्या बिऱ्हाडाच्या गॅलरींत हा प्रयोग अनेक वेळां केला आहे. त्यांत कांहीं वस्तु वांचल्या. एका वस्तूचा मात्र नेमका तोच भाग गेला, जो इतिहासाच्या दृष्टीनें महत्त्वाचा होता. त्या अनुभवानें जें शिकविलें तें येथें मांडावयाचें आहे. मुद्दा थोडक्यांत असा कीं, या पद्धतीचा खरा गुण गंज काढण्यांत नसून लोखंडांत मुरलेलें मीठ बाहेर काढण्यांत आहे. आणि गंज हा नेहमीं मळच असतो असें नाहीं, पुष्कळदां तो पुरावाहि असतो.

( २ )

धातूंच्या शुद्धीचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत द्रव्यशुद्धीचें जें प्रकरण आहे, त्यांत तांबें, लोखंड, कांसें, पितळ, कथील व शिसें यांची शुद्धि क्षार, आम्ल व पाणी यांनीं, ज्या धातूस जें योग्य त्यानें, करावी असें सांगितलें आहे. या विधानांतील शेवटची अट आज विशेष ध्यानांत धरण्यासारखी आहे. एकच द्रव्य सर्व धातूंस लावूं नये हें जुन्या शास्त्रकारांस ठाऊक होतें; एकच बादली सर्व वस्तूंस लावणाऱ्या आधुनिक संग्राहकास तें अनेकदां ठाऊक नसतें.

रसशास्त्रकारांची दृष्टि याहून निराळी होती. त्यांनीं लोखंडाचे मुंड, तीक्ष्ण व कांत असे भेद केले, आणि लोखंडाच्या किट्टास, म्हणजे मंडूरास, औषधांत मानाचें स्थान दिलें. शंभर वर्षांचें मंडूर उत्तम, ऐशीं वर्षांचें मध्यम व साठ वर्षांचें कनिष्ठ, अशी त्याची प्रतवारी त्यांनीं लावली. मंडूर म्हणजे केवळ गंज नव्हे हें खरें. परंतु धर्मशास्त्रकारानें जो मळ म्हणून घासून टाकावयास सांगितला, तशाच टाकाऊ वस्तूचें वय मोजून वैद्यानें ती जपून ठेविली, हा विरोध आपल्या विषयास उपयोगी आहे. संशोधकानें लोखंडाकडे पाहतांना या दोन्ही दृष्टि ठेवल्या पाहिजेत.

( ३ )

लोखंडावर पाणी व प्राणवायु यांची एकत्र क्रिया होऊन गंज बनतो. पण नुसता गंज हा लोखंडाचा मोठा शत्रु नव्हे. दिल्लीच्या मेहरोली येथील लोहस्तंभ सुमारें सोळाशें वर्षें उघड्यावर उभा आहे. त्याच्या लोखंडांत स्फुरद अधिक असल्यामुळें त्यावर गंजाचाच एक पातळ व घट्ट थर बनला आणि त्यानेंच आंतील धातूचें रक्षण केलें, असें कानपूरच्या आय. आय. टी. मधील प्रा. आर. बालसुब्रमण्यम् यांनीं आपल्या संशोधनांत दाखविलें. खरा शत्रु मीठ होय. मिठांतील क्लोराइड गंजाच्या भेगांतून आंत शिरतो व धातु आणि गंज यांच्या सीमेवर जाऊन बसतो. हवेंत दमटपणा आला कीं तो पुन्हा कार्यास लागतो. तो स्वतः खर्च होत नाहीं, म्हणून त्याचें काम थांबतहि नाहीं. वस्तूवर पिंवळसर, आम्ल थेंब दिसूं लागतात. जुने लोक 'हत्याराला घाम आला' म्हणत तो हाच. पुढें पापुद्रे सुटतात आणि आंतील धातु संपते.

ही गोष्ट आमच्या भागांत जितकी स्पष्ट दिसते तितकी देशावर दिसत नाहीं. वडाळा व अँटॉप हिल यांच्या खाडीकडील अंगास एके काळीं मिठागरें पिकत. सॉल्ट पॅन रोड हें रस्त्याचें नांव अद्याप त्यांची आठवण देतें. एका बाजूस शिवडीचा किल्ला, दुसऱ्या बाजूस शीवचा, आणि मध्यें ही खारी जमीन. इ. स. १६८९ सालीं सिद्दी याकूतखानाचें सैन्य मुंबईवर चालून आलें तें या शिवडीसच उतरलें. अशा भूमींतील लोखंड मिठांत मुरलेलें असावयाचें, आणि कोरड्या मुलखांतून आणलेलें लोखंडहि येथील खाऱ्या वाऱ्यानें चार पावसाळ्यांत घामाघूम व्हावयाचें. पुण्यास तीस वर्षें कपाटांत स्वस्थ राहिलेलें एक कुलूप माझ्याकडे आल्यावर दुसऱ्याच श्रावणांत पिंवळें पाणी गाळूं लागलें, तेव्हां मला या विषयाकडे वळावें लागलें.

( ४ )

विजेनें पुराणवस्तु सांवरण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांतली आहे. नॉर्वेमधील रसायनज्ञ ॲक्सेल क्रेफ्टिंग यानें लोखंडी वस्तूस जस्ताचा पत्रा गुंडाळून ती कॉस्टिक सोड्याच्या द्रावणांत ठेवण्याची रीति काढली. बाहेरून वीज न देतां जस्त व लोखंड यांच्या संयोगानेंच तेथें प्रवाह उत्पन्न होई. बर्लिनच्या राजकीय संग्रहालयांत १८८८ सालीं रसायनशाळा स्थापन झाली व फ्रीडरिश राथगेन हा तिचा प्रमुख झाला. त्याचा पुराणवस्तुरक्षणावरील जर्मन ग्रंथ १८९८ सालीं व त्याचें इंग्रजी भाषांतर १९०५ सालीं निघालें. पुढें अमेरिकेंत फिंक व एल्ड्रिज यांनीं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयासाठीं कांस्यवस्तूंवर हीच पद्धति वापरून १९२५ सालीं तिचें वर्णन प्रसिद्ध केलें.

आपल्या देशांतहि हें शास्त्र फार उशिरा आलें नाहीं. पुराणवस्तुखात्यांत १९१७ सालीं रसायनज्ञाची जागा निर्माण होऊन महंमद सनाउल्ला यांची तीवर नेमणूक झाली. मोहेंजोदडो येथील धातूंच्या पृथक्करणाशीं त्यांचें नांव निगडित आहे. मद्रासच्या संग्रहालयांत १९३० सालीं रसायनज्ञ नेमला गेला, आणि तेथें एस. परमशिवन् यांनीं दक्षिणेंतील कांस्यमूर्तींच्या शुद्धीसाठीं विजेचा उपयोग केला.

समुद्रांतून निघालेल्या लोखंडास या पद्धतीचा सर्वांत मोठा उपयोग झाला. कॅप्टन कुकचें 'एंडेव्हर' जहाज १७७० सालीं ऑस्ट्रेलियाजवळील प्रवाळखडकावर अडकलें, तेव्हां भार हलका करण्यासाठीं त्यानें सहा तोफा पाण्यांत टाकल्या. त्या १९६९ सालीं बाहेर काढण्यांत आल्या, आणि मेलबोर्न येथें विजेच्या साहाय्यानें त्यांतील मीठ काढून त्यांस जीवदान देण्यांत आलें. गोव्याच्या किनाऱ्याजवळ सुंची रीफ येथें राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांस सतराव्या शतकांतील पोर्तुगीज जहाजाचे जे अवशेष मिळाले, त्यांत हस्तिदंत व पाणघोड्याचे दात यांबरोबर तोफाहि होत्या. कोंकणच्या किल्ल्यांवर लाटांच्या तुषारांत पडून असलेल्या बिडाच्या तोफांचा विचार करणाऱ्यानें हीं उदाहरणें अवश्य पाहावींत.

परंतु याच काळांत संग्रहालयांचा कल बदलला. जमिनींतून निघालेल्या नाजूक लोखंडावर विजेचा प्रयोग केला असतां गंजाबरोबर वस्तूचें मूळ रूपहि जातें, असें दिसून आलें. १९७५ सालीं नॉर्थ व पिअर्सन यांनीं क्षारयुक्त सल्फाइटच्या द्रावणांत वस्तु ठेवून मीठ काढण्याची सौम्य रीति सुचविली. आज बहुतेक मोठ्या संग्रहालयांत आधीं क्ष-किरणांनीं छायाचित्र घेतात, मग सूक्ष्मदर्शकाखालीं हातानें गंज उतरवितात. म्हणजे संग्रहालयांनीं जी रीति जमिनींतील वस्तूंपुरती बहुतांशीं सोडली, तीच आतां घराघरांत शिरत आहे. याचा संग्राहकांनीं गंभीरपणें विचार करावा.

( ५ )

आतां क्रिया सांगतों. वस्तु ऋणाग्रास, म्हणजे उणे टोकास, जोडावयाची. भोंवतीं साध्या लोखंडाचा पत्रा धनाग्र म्हणून ठेवावयाचा. दोहोंचा एकमेकांस स्पर्श होतां कामा नये. द्रावण एक लिटर पाण्यांत ५० ग्रॅम धुण्याचा सोडा या प्रमाणांत करावें. कॉस्टिक सोडा अधिक परिणामकारक असला तरी तो डोळे व कातडी जाळतो, म्हणून घरीं वापरूं नये. वस्तूच्या पृष्ठभागाच्या दर चौरस सेंटिमीटरास १ ते ५ मिलिअँपिअर एवढाच प्रवाह पुरे. २०० चौरस सेंटिमीटर पृष्ठभागाच्या वस्तूस म्हणजे फार तर १ अँपिअर. याहून अधिक प्रवाह दिला कीं हायड्रोजनचे बुडबुडे जोरानें सुटतात व सैल झालेला थर उखडून नेतात. बाजारी चार्जर बहुधा याहून अधिक प्रवाह देतो. म्हणून ज्यावर प्रवाह कमीजास्त करतां येतो असें यंत्र घ्यावें.

बादलींत काय घडतें याविषयीं एक गैरसमज आहे. गंजाचें पुन्हा मूळचें लोखंड होतें, असें अनेकांस वाटतें. तसें बहुतांशीं होत नाहीं. तांबड्या गंजाचा कांहीं भाग काळ्या चुंबकीय ऑक्साइडांत बदलतो, बाकीचा बुडबुड्यांनीं सुटून तळाशीं बसतो. मात्र क्लोराइडावर ऋणभार असल्यानें तो वस्तूपासून दूर, धनाग्राकडे, ओढला जातो. हीच या क्रियेची खरी कमाई. वस्तु दिसावयास स्वच्छ एका रात्रींत होते; मीठ निघावयास आठवडे, जाड वस्तूस महिनेहि लागतात. द्रावण वरचेवर बदलावें, शेवटचीं द्रावणें ऊर्ध्वपातित पाण्यांत करावींत, कारण नळाच्या पाण्यांतहि क्लोराइड असतो. थोडें द्रावण परीक्षानळींत घेऊन नायट्रिक आम्लानें आम्ल करावें व सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकावेत. पांढरा गढूळपणा आला तर मीठ अजून निघत आहे असें समजावें.

कांहीं निषेध स्पष्टच सांगितले पाहिजेत. प्रवाह चांगला वाहावा म्हणून द्रावणांत मीठ टाकण्याचा सल्ला कोणी देतात. तो सर्वथा वर्ज्य, कारण त्यानें जो शत्रु घालवावयाचा तोच आंत येतो व विषारी क्लोरिन वायुहि निघतो. स्टेनलेस स्टीलचें धनाग्र वापरूं नये, त्यांतून क्रोमियमचीं विषारी संयुगें द्रावणांत उतरूं शकतात. जस्त, शिसें, कथील व ॲल्युमिनियम असलेल्या वस्तु या द्रावणांत ठेवूं नयेत. निघणारा हायड्रोजन स्फोटक असतो, तेव्हां बंद खोलींत, देवघराजवळ, समई किंवा उदबत्ती जळत असतां हें काम करूं नये. आणि वीज बंद केल्यावांचून हात घालूं नये.

बाहेर काढलेली वस्तु धुवून त्वरित वाळवावी, नाहींतर घटकाभरांत तिच्यावर नवा गंज चढतो. मग टॅनिक आम्लाचें पातळ द्रावण ब्रशानें लावल्यास निळसर काळा संरक्षक थर बनतो. पोथ्यांच्या संग्राहकांस हा थर अपरिचित नाहीं : हिरडा व हिराकस यांच्या शाईचा काळेपणा याच संयुगाचा असतो. ज्या संयुगानें पोथीवर अक्षर टिकविलें, तेंच येथें पात्यावर लोखंड टिकवितें. शेवटीं मेणाचा हात द्यावा आणि वस्तु हवाबंद डब्यांत सिलिका जेलसह ठेवावी. मीठ पूर्णपणें गेलें असें कधींच मानूं नये. त्या डब्यांतील दमटपणा शेंकडा २० च्या आंत ठेवतां आला तर उत्तम. मुंबईच्या पावसाळ्यांत बाहेर तो शेंकडा ८० च्याहि वर जातो.

( ६ )

एवढें सर्व यथासांग केलें तरी मुख्य प्रश्न उरतोच : काढावयाचें काय ? जमिनींत अनेक शतकें राहिलेल्या लोखंडाचा मूळ पृष्ठभाग पुष्कळदां धातूवर नसून गंजाच्या थरांतच असतो. म्यानाच्या लांकडाचे धागे, मुठीवरील चामडें, गुंडाळलेल्या कापडाचा विणीचा ठसा, हे सर्व गंजांत उमटून राहतात, मूळ द्रव्य नाहींसें झालें तरी. नागपूरजवळील माहुरझरी, नायकुंड इत्यादि ठिकाणच्या शिलावर्तुळांतून जीं लोखंडी कुऱ्हाडी, कडियाळीं व हत्यारें निघालीं, तशा वस्तूंच्या बाबतींत दांडा कशाचा होता, तो कसा बांधला होता, हें सांगणारा साक्षीदार तो गंजच. त्यास बादलींत बुडविणें म्हणजे साक्षीदार बुडविणें होय.

पृष्ठभागावर किती इतिहास मावतो हें नाणेशास्त्राच्या अभ्यासकांस सांगावयास नको. नाशिकजवळ जोगळटेंभी येथें १९०६ सालीं नहपानाचीं तेरा हजारांहून अधिक रुप्याचीं नाणीं सांपडलीं. त्यांपैकीं नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप पुन्हा ठोकलेला आहे. क्षहरातांचा पराभव व सातवाहनांचा विजय यांचा तो प्रत्यक्ष पुरावा; पण त्याची जाडी ती किती ! लोखंडाचीहि तीच कथा. अदोनीच्या शस्त्रागारांतून बिकानेरला गेलेल्या हत्यारांचा प्रवास आज कळतो तो त्यांवर ठिपके ठोकून कोरलेल्या नागरी अक्षरांवरून. तीं ठिपक्यांचीं अक्षरें गंजाखालीं दबलेलीं असतां कोणी उतावळ्यानें ती हत्यारें 'साफ' केलीं असतीं, तर अदोनी व बिकानेर यांचा हा दुवा तुटला असता.

आतां माझी चूक. एका माजी विद्यार्थ्यानें घराण्यांतील एक कट्यार माझ्याकडे विश्वासानें दिली. पात्याच्या मुळाशीं गंजांतून रुप्याच्या तारेचीं दोन अक्षरें अर्धवट दिसत होतीं. पुढें आणखी असावींत असा अंदाज होता. गंज गेला कीं सर्व लेख वाचतां येईल, या उत्कंठेनें मीं छायाचित्र न घेतां, ठसा न घेतां, पातें संध्याकाळीं द्रावणांत सोडलें. सकाळीं पातें स्वच्छ होतें व रुप्याच्या तारेचे बारीक तुकडे बादलीच्या तळाशीं गाळांत पडले होते. अशा कामांत लोखंडावर बारीक रेघा मारून तींत तार ठोकून बसवितात. ती तार धरून ठेवणाऱ्या रेघा केव्हांच गंजून गेल्या होत्या, आणि तिला जागेवर धरून होता तो केवळ गंज. तो मीं काढला. आधीं पाहिलेलीं दोन अक्षरें तेवढीं माझ्या स्मरणांत आहेत, पण त्यांवरून ना मालकाचें नांव लागतें ना शस्त्रागाराचें. ज्याची ती कट्यार होती त्यानें मला शब्दानेंहि दोष दिला नाहीं. त्यामुळें तो दोष कमी झाला असें मला वाटत नाहीं.

( ७ )

ज्यानें आयुष्यभर मुलांस शुद्ध पाठ शिकविला, त्यास ही चूक अधिक लागली. पाठशुद्धि म्हणजे काय हें पुण्याच्या भांडारकर संस्थेनें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीनें दाखवून दिलें आहे. १९१९ सालीं आरंभिलेलें तें काम १९६६ सालीं पुरें झालें. डॉ. वि. सी. सुखठणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं जेथें पाठ निःसंशय नव्हता तेथें अक्षरांखालीं नागमोडी रेघ घातली, आणि नाकारलेले पाठ फेंकून न देतां तळटीपांत ठेविले. पुढच्या अभ्यासकास निर्णय फिरवितां यावा, हा त्यांतील हेतु. हाच न्याय लोखंडासहि लावला पाहिजे. फरक इतकाच कीं, नाकारलेला पाठ तळटीपेंत राहतो, उतरविलेला गंज गटारांत जातो.

म्हणून संग्राहकांपुढें कांहीं नियम ठेवतों. वस्तूचें वजन, मापें व सर्व बाजूंचीं छायाचित्रें घेतल्यावांचून तीस पाणीहि लावूं नये. शक्य तेथें क्ष-किरण छायाचित्र घ्यावें. केवळ लोहचुंबक चिकटतो म्हणून आंत धातु शिल्लक आहे असें मानूं नये, कारण काळा गंजहि चुंबकास चिकटतो. आकारमानाच्या मानानें वस्तु हलकी लागली तर ती आंतून संपली आहे असें समजावें. खिळे, बिजागऱ्या, साधीं कुलपें, शेतकीचीं अवजारें, आणि ज्यांचा गाभा भक्कम असून मीठ गळत आहे अशा वस्तु विजेस योग्य. अक्षरें, नक्षी, सोन्यारुप्याचें काम, लांकूड किंवा कापड यांचा अंश ज्यांवर आहे त्या अयोग्य. तांब्याच्या शिवराईस तर या बादलीजवळहि आणूं नये. तिचीं अक्षरें अनेकदां हिरव्या थरांतच असतात. आणि जमिनींतून निघालेल्या वस्तूच्या बाबतींत शुद्धीच्या आधीं कायदा येतो : १८७८ च्या निखात-निधीच्या कायद्यानें दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सांपडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणें बंधनकारक आहे, आणि १९७२ च्या पुरावस्तु-कायद्यानें शंभर वर्षांवरील वस्तु पुरावस्तु ठरते, हस्तलिखितास पंचाहत्तर वर्षें पुरतात.

ती कट्यार मीं मालकास परत केली. तिच्या डब्यांत एक चिठ्ठी ठेविली आहे. तींत पात्याचें वजन व लांबी, तारेच्या तुकड्यांची स्वतंत्र पुडी, आणि दिसलेलीं दोन अक्षरें स्मरणानें लिहिलेलीं आहेत. अक्षरांखालीं मीं नागमोडी रेघ घातली आहे, आणि पुढें एवढेंच लिहिलें आहे कीं, उरलेला लेख प्रस्तुत लेखकाच्या हातून शुद्धि करतांना नष्ट झाला.